म्हशाच्या माळावर

पहाटे पाचला शहापूर सोडलं तेव्हा भारंगीच्या पात्रावर धुकं साचलेलं होतं. पिकअपच्या हौद्यात पेंढ्याचे चार भारे, पाण्याचा ड्रम, एक नवा कासरा आणि मधोमध मोकळी ठेवलेली जागा. ती जागा बैलासाठी होती. माहुली गडाच्या पायथ्याच्या आमच्या वाडीतल्या काकांच्या जोडीतला एक बैल भातकापणीच्या दिवसांत फुरसं चावून गेला. जोडीतला एकटा उरला की दुसऱ्याचाही जीव लागत नाही. तो गोठ्यात रिकाम्या दावणीकडे तोंड करून उभा राहतो. काकांनी दोन महिने कळ काढली आणि पौष पौर्णिमेची वाट पाहिली. ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला बैल घ्यायचा असला तर त्याच्या डोळ्यांपुढे पहिलं नाव येतं ते म्हशाच्या जत्रेचं.

मला बैल घ्यायचा नव्हता. माझे आजोबा म्हशाहून डांगी जोडी घेऊन दोन दिवस पायी चालत घरी आले होते, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती वाट एकदा बघायची होती.

शहापूरहून किन्हवली, पुढे सरळगाव, तिथून मुरबाड आणि म्हसा. आता हा शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली असा सलग महामार्ग झाला आहे, पण आजोबांच्या वेळी ती बैलगाडीची वाट होती. शहापूर तालुक्याला निदान मध्य रेल्वे आहे, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशनं आहेत. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं आहेत. मुरबाडला रेल्वे आजही नाही. काळू नदी ओलांडली की रस्त्यावरची वाहनं बदलतात. मुंबईच्या गाड्या कमी होतात आणि टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसू लागतात. त्या दिवशी प्रत्येक तिसऱ्या वाहनाच्या फळीवरून शिंगं वर आलेली होती.

सरळगावला चहाला थांबलो. या गावाहून एक रस्ता माळशेज घाटाकडे जातो. त्याच वाटेवर पुढे वैशाखरे लागतं, आणि तिथून नाणेघाटाची पायवाट. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं चढत असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे; त्यात यज्ञांमध्ये दान दिलेल्या हजारो गाईंचे हिशेब कोरलेले आहेत. शेजारी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं लोक सांगतात. तो माल घाट चढत असे तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. थळ घाटातून १८६५ साली रेल्वे सुरू झाली आणि पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडे हळूहळू या वाटांवरून नाहीसे झाले. मुरबाडच्या बाजूला ते जरा उशिरा गेले असतील, इतकंच. चहा पिताना मी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर. म्हणून तर म्हशाला बाजार भरतो. घाटावरचा बैल खाली उतरायची जागाच ती."

मला हे पटलं. म्हसा हे गाव मुरबाडच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर, सह्याद्रीच्या भिंतीच्या अगदी पायाशी आहे. गावातून पूर्वेला पाहिलं की गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात, जरा उजवीकडे सिद्धगड. त्या सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. आझाद दस्ता उभारून त्यांनी मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले होते. दर वर्षी २ जानेवारीला इथले लोक सिद्धगडावर जमतात, आणि बऱ्याच वर्षी त्यानंतर थोड्याच दिवसांत म्हशाची जत्रा येते. पौष महिना या भागात असा भरलेला असतो.

उजाडता उजाडता पोचलो. आधी देवाला. देवाचं नाव खांबलिंगेश्वर. तोच म्हसोबा, आणि त्याच्यावरूनच गावाचं नाव म्हसा. म्हसोबा हा महिषाशी, म्हणजे रेड्याच्या रूपातल्या जुन्या देवाशी जोडलेला आहे, असं इतिहासकार दा. ध. कोसंबींनी दाखवून दिलं आहे. देवीनं मारलेला महिषासुर आणि शेताच्या बांधावर शेंदूर लावून पुजलेला म्हसोबा ही एकाच देवाची दोन रूपं असावीत हा त्यांचा विचार मला म्हशात उभं राहिल्यावर जास्त खरा वाटला. ज्या देवाचं मूळ जनावरात आहे त्याच्या दारात जनावरांचा बाजार भरावा, यापेक्षा साजेसं काय असणार?

या जत्रेत पूर्वापार चालत आलेली एक प्रथा आहे. नवस फेडणारे भाविक आपल्या पाठीत लोखंडी गळ टोचून घेतात. मी ते पाहिलं नाही, पाहायची इच्छाही झाली नाही. पण देवळाबाहेर पडताना ती गोष्ट डोक्यातून जाईना. इथे देवाला बैलाचं रक्त लागत नाही. माणूस आपलंच देतो.

देवळाच्या भोवती नेहमीची जत्रा. पाळणे, खेळणी, मिठाईची दुकानं, शेवगाठी आणि रेवड्यांचे ढीग. एका बाजूला घोंगड्यांचे ढिगारे. काळी, खरखरीत, पावसात डोक्यावरून घ्यायची घोंगडी आमच्याकडे आजही लागते, कारण लावणीच्या दिवसांत वाकून काम करताना छत्री चालत नाही. पुढे विळे, कोयते, कुऱ्हाडी, पहारी, सुपं, टोपल्या. त्याच्याही पुढे बैलांचा साज: घुंगुरमाळा, गोंडे, झुली, पितळी शेंब्या, सुती आणि नायलॉनचे कासरे, वेसणीच्या दोऱ्या, म्होरक्या. या दुकानांपाशी म्हातारी माणसं सगळ्यात जास्त वेळ थांबतात. एक आजोबा घुंगुरमाळ हातात घेऊन कानाशी हलवून बघत होते. घेतली नाही. त्यांच्याकडे आता बैल नाही, असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं आणि माळ परत ठेवली.

खरा बाजार त्या पलीकडे, माळावर आणि भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत. खुंट्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येक खुंटीला जनावर, मधून माणसांची वर्दळ, वर धुळीचा आणि शेणाचा वास. पहिल्या काही मिनिटांत फक्त गोंधळ दिसतो. मग डोळा बसतो आणि कळतं की इथे कुणीही उगाच उभं नाही.

बैल बघायची एक रीत आहे. आधी लांबून. खांदा कसा आहे, वशिंड भरलंय का, पाठ सरळ आहे का, पुढचे पाय एका रेषेत पडतात का. मग अंगावरचे भोवरे. केसांचा भोवरा कुठे आहे यावर जनावर शुभ की अशुभ हे ठरवणारे आजही आहेत, आणि एखादा देखणा बैल एका भोवऱ्यापायी स्वस्तात जाताना मी पाहिला. त्यानंतर दात. गाई-बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. दुधाचे पडून कायमचे जोडीजोडीने येतात. कायमचा एकही दात नसला तर आदत, दोन आले तर दुसा, चार आले तर चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळला. दुसा साधारण दोन-अडीच वर्षांचा, जुळलेला चार-साडेचारच्या पुढचा. कागदावर वय काहीही लिहिलेलं असो, बाजारात दात बोलतात. काकांनी त्या सकाळी पंधरा-वीस बैलांची तोंडं उघडली असतील. डाव्या हातानं वेसण धरायची, उजव्या हाताचा अंगठा ओठाखाली सरकवायचा, एक नजर, संपलं.

त्यानंतर चाल. मालक बैलाला कासऱ्यानं धरून पळवतो, परत आणतो. घेणारा पायांकडे बघतो, मालक घेणाऱ्याच्या तोंडाकडे. इथवर सगळं मोठ्यानं चालतं. भाव मात्र मुक्यानं. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी किंवा मध्यस्थ, घेणाऱ्याचा हात आपल्या हातात घेतो, वरून रुमाल टाकतो आणि रुमालाखाली बोटं धरतो. एक बोट एक, पंजा पाच. ते हजार की दहा हजार हे जनावर बघूनच दोघांना कळलेलं असतं. चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही. बाजूला उभ्या असलेल्या पन्नास माणसांना भाव कळत नाही, आणि म्हणूनच विकणाऱ्याला पुढच्या गिऱ्हाइकाशी नव्यानं बोलता येतं. जमलं की विसार द्यायचा, पावती करायची. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बारा आकडी बिल्ला नसलेलं जनावर विकता येत नाही. त्यामुळे दातांबरोबर आता कानही बघितला जातो. हा बदल मला चांगला वाटतो. चोरीचं जनावर खपवणं त्यामुळे अवघड झालं, आणि साथीच्या काळात जनावर कुठून आलं हे शोधता येतं. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा राज्यभर गुरांचे बाजार बंद करावे लागले होते, आणि त्याआधी करोनानं जत्रा बंद केल्या होत्या. त्या वर्षांत ज्याचा बैल मेला त्यानं नवा आणायचा कुठून? आमच्या वाडीत दोन घरांनी त्याच काळात पॉवर टिलर घेतले आणि गोठे मोडले.

दहाच्या सुमारास काका थोडे हिरमुसलेले दिसले. बाजार खिल्लारांनी भरला होता. पांढरेशुभ्र, लांब मागे वळलेल्या शिंगांचे, तापट डोळ्यांचे, उंच. सांगली, सोलापूर, साताऱ्याकडच्या कोरड्या माळरानाची ही जात. देखणी आहे यात शंका नाही. पळायला आणि गाडी ओढायला तिला तोड नाही. पण काकांना डांगी हवा होता.

डांगीबद्दल इथे जरा थांबायला हवं, कारण शहरातल्या वाचकांपर्यंत हे नाव फारसं पोचलेलं नाही. ही जात गुजरातच्या डांगपासून सुरगाणा, इगतपुरी, अकोले आणि ठाण्याच्या डोंगरपट्ट्यापर्यंतची, म्हणजे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांची. कानडी, महादेव कोळी, ठाकर यांनी ती पिढ्यानपिढ्या सांभाळली. आमच्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. त्या पावसात दिवसभर चिखलात उभं राहून नांगर ओढणं खिल्लाराला झेपत नाही. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पाणी अंगावर मुरत नाही, निथळून जातं. खूर काळे आणि गारगोटीसारखे टणक, चिखलात कुजत नाहीत. अंगावर पांढऱ्यात काळे किंवा तांबडे ठिपके आणि डाग. त्या रंगांवरून पारा, मणेरा, बहाळा अशी नावं. उंचीला मध्यम, चालीला मंद, स्वभावानं गरीब. गाय दूध थोडंच देते, आणि हीच गोष्ट तिच्या मुळावर आली आहे. दूध हवं त्यानं संकरित गाय बांधली, नांगर हवा त्यानं टिलर घेतला, शर्यत हवी त्यानं खिल्लार आणला. डांगीला मागायला कुणी उरलं नाही.

पण माहुलीच्या पायथ्याची खाचरं आहेत तशीच आहेत. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली, एकेक खाचर अंगणाएवढं, मधे दगडी बांध. तिथे ट्रॅक्टर उतरत नाही. टिलर उचलून नेणारी तरुण माणसं भिवंडीच्या गोदामांत आणि आसनगावच्या कारखान्यांत कामाला गेली. चिखलणी करायची तर बैलच लागतो, आणि जुलैच्या पावसात टिकणारा लागतो.

त्या खिल्लारांच्या रांगेपाशी उभा असताना मला एकदम रोंडा आठवलं.

दोन वर्षांपूर्वी स्पेनला गेलो होतो. दक्षिणेकडे अंदालुसियात, एका खोल दरीच्या दोन्ही काठांवर वसलेलं हे गाव. दरीवरचा दगडी पूल आणि गावातलं बैलझुंजीचं रिंगण ही दोन्ही एकाच वास्तुविशारदाची कामं मानली जातात, होसे मार्तिन दे आल्देउएला. रिंगणाचं बांधकाम १७७९ ला सुरू झालं आणि १७८५ ला ते खुलं झालं. मधल्या वाळूच्या मैदानाचा व्यास ६६ मीटर. भोवती दोन मजली सज्जे, १३६ दगडी खांब, वर कौलारू छप्पर, सुमारे पाच हजार माणसं बसतील एवढी जागा. ते एका अश्वारोही सरदार मंडळाच्या मालकीचं आहे. या मंडळाची स्थापना दुसऱ्या फिलिप राजाच्या काळातली, १५७२ ची. याच गावचा पेद्रो रोमेरो हा झुंजार आयुष्यात साडेपाच हजारांहून अधिक बैल मारून, स्वतः एकदाही जायबंदी न होता, १८३९ मध्ये म्हातारपणानं गेला. चित्रकार गोयानं त्याचं चित्र काढलं. १९५४ पासून दर सप्टेंबरला गोयाच्या काळातले पोशाख घालून तिथे झुंज होते. एरवी रिंगण रिकामं असतं आणि तिकीट काढून बघता येतं.

मी गेलो तेव्हा ते रिकामंच होतं. पिवळसर वाळूच्या मधोमध उभा राहिलो. वास्तू इतकी सुंदर, इतकी शांत की एखाद्या मठात आल्यासारखं वाटावं. मग कडेला तांबड्या लाकडी आडोशाच्या फळ्या दिसल्या, माणसाला मागे लपता यावं म्हणून ठेवलेल्या. बैलाला लपायला त्या रिंगणात कुठेही जागा नाही. तो त्या दारातून एकदाच येतो आणि बहुतेक वेळा मेलेला, ओढत बाहेर नेला जातो. तो आयुष्यात कधी जुवाला जुंपलेला नसतो, त्याला नावानं हाक मारणारं कुणी शेतकऱ्याचं पोर नसतं. त्याला वाढवलं जातं ते शेवटच्या वीस मिनिटांसाठी.

म्हशात रिंगण नाही. खांब नाहीत, सज्जे नाहीत, एकही दगड बैलासाठी रचलेला नाही. दोन आठवड्यांनी खुंट्या उपटल्या की ते पुन्हा भाताचं शेत. तरीही आमची बैलाची जागा हीच. माणूस आणि बैल एकमेकांना सगळ्यात बारकाईनं बघतात ते इथे, आणि मारण्यासाठी नव्हे, बरोबर नेण्यासाठी.

मी हे काकांना म्हटलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मारून मग मास खातात का?" खातात, विकलं जातं, असं सांगितलं. "मग तसं तरी बरं," ते म्हणाले, आणि जरा वेळानं, "पण पळायला जागा द्यायला हवी होती."

पळण्याची जागा आमच्याकडेही वादातून सुटलेली नाही. गोव्यात बैलाशी बैल भिडवायची धीरयो होती. १९९६ मध्ये उच्च न्यायालयानं ती बंद केली. मुरबाड, शहापूर, कल्याण, अंबरनाथ या पट्ट्यात वेड आहे ते छकड्यांच्या शर्यतीचं. त्यातही बिनजोड, म्हणजे दोनच छकडे समोरासमोर लावून जिंकायचं. भात निघून शेतं मोकळी झाली की कुठे ना कुठे अड्डा भरतो. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं बैलाला खेळासाठी वापरायला मनाई झाली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही थांबवल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, उच्च न्यायालयानं तिलाही रोखलं. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. स्पेनमध्येही हेच चाललं होतं. कातालोनियाच्या विधिमंडळानं २०१० मध्ये झुंजी बंद केल्या आणि २०१६ मध्ये स्पेनच्या घटना न्यायालयानं ती बंदी रद्द केली.

आमच्या कायद्यात अटी आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, चाबूक नाही, विजेचा झटका नाही, टोचणं नाही, धाव एक हजार मीटरच्या आत. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. मी लहानपणी ज्या शर्यती पाहिल्या त्यात पराणीच्या टोकाला आर असे, आणि शर्यत संपल्यावर बैलाच्या मांड्यांवर रक्ताच्या रेघा असत. आम्ही पोरं ते बघून टाळ्या वाजवत होतो. मागच्या हिवाळ्यात शहापूर तालुक्यातच एक अड्डा पाहिला. हाकणारा हातात काही न घेता नुसता ओरडत होता आणि बैल जीव खाऊन पळत होते. एका गाडीवाल्यानं शेपटी पिरगाळली तेव्हा गर्दीतूनच लोक ओरडले. एवढा फरक दहाएक वर्षांच्या बंदीनं पडला असेल तर ती बंदी वाया गेली नाही. शर्यत असावी, पण अशीच असावी. जिथे आर पुन्हा दिसेल तिथे ती त्याच दिवशी बंद करावी.

शर्यतीमुळे बैल वाचला, असं शर्यतवाले म्हणतात. अर्धं खरं आहे. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. म्हातारा बैल विकून नव्याला हातभार लावायची सोय गेली आणि अनेकांनी बैल ठेवणंच सोडलं. अशा वेळी शर्यतीच्या पैशानं खोंडाला किंमत आली हे मान्य. पण ती किंमत फक्त पळणाऱ्याला आली. आमच्या चिखलात उभा राहणाऱ्याला नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गुरं आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटलेली दिसली. त्यात नांगराच्या बैलाचा वाटा किती हे समजायला मला आकडा लागत नाही, आमच्या वाडीतले रिकामे गोठे पुरतात.

डांगी सापडला तो बारानंतर, बाजाराच्या अगदी टोकाला, ओढ्याच्या कडेला. घाटावरून आलेला एक म्हातारा चार जनावरं घेऊन बसला होता. दोन गोऱ्हे, एक गाय, एक बैल. गर्दी नाही. काकांनी लांबूनच मान हलवली. पांढऱ्या अंगावर काळे डाग, काळा बहाळा. जवळ जाऊन त्यांनी आधी दात बघितले नाहीत. बैलाच्या पाठीवर तळहात दाबून फिरवला आणि मला दाखवला. हात चकचकीत झाला होता.

"दाताला?"

"चौसा हाय. दोन पावसाळे नांगर ओढलाय. डाव्या अंगाला चालतो."

"डाव्याच अंगाला पाहिजे," काका म्हणाले.

रुमाल पडला. काकांचा हात म्हाताऱ्याच्या हातात बराच वेळ होता. दोनदा सुटला, दोनदा परत गेला. भाव काय झाला ते काकांनी मला रात्री गावात पोचेपर्यंत सांगितलं नाही, आणि मीही इथे सांगत नाही. म्हाताऱ्यानं कासरा देण्यापूर्वी बैलाच्या कपाळाला हात लावून स्वतःच्या छातीला लावला. पदरचा एक तिळाचा लाडू काढून त्याला भरवला. मग आमच्याकडे न बघता उरलेल्या गोऱ्ह्यांकडे वळला.

परतीला काळूच्या पुलाशी थांबून बैलाला पाणी दाखवलं. तो आधी प्यायला नाही, मान वळवून पूर्वेकडे बघत राहिला. मग प्यायला. वाडीत पोचलो तेव्हा काकूंनी दारात पाय धुवून कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. गोठ्यात आधीचा बैल उठून उभा राहिला, दोघांनी एकमेकांचा वास घेतला. पण आठ दिवसांनी जुवाला जोडलं तेव्हा ध्यानात आलं की जुना आता थकला आहे. त्याचं वय बारा वर्षांच्या वर आहे आणि नव्याच्या चालीला तो पुरत नाही. यंदाचा पावसाळा काका त्याला कसाबसा काढू देतील, पुढचा नाही.

म्हशाला जायचं असलं तर पौष पौर्णिमेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांतच जा, पहाटे पोचा. ऊन चढलं की जनावरं मरगळतात आणि चांगली आधीच गेलेली असतात. कल्याणहून मुरबाडला एस. टी. भरपूर आहेत, जत्रेत मुरबाडहून म्हशाला जादा गाड्या सुटतात. कर्जतहूनही रस्ता आहे. खिल्लारांच्या रांगेत रमू नका, टोकापर्यंत चालत जा.

आणि घोटीच्या, राजूरच्या किंवा सरळगावच्या बाजारात, कुणाच्या गोठ्यात, काळा बहाळा किंवा पारा डांगी गोऱ्हा असेल, दुसा किंवा चौसा, उजव्या अंगाला चालणारा, तर तो टिलरवाल्याला बदल्यात देऊ नका. माहुलीच्या पायथ्याला त्याला जोडीदार बांधलेला आहे.